कॅमेरा घेऊन देऊ का म्हणतोस…

प्रिय बाळ्या,

तुझा मेसेज कालच वाचला, पण म्हणलं हे फोनवर सांगण्यासारखं नाही, निवांत लिहू. पोरगं दीड लाखाचा कॅमेरा मागायलंय, घेऊन देऊ का, हेच ना? आत्ता नको देऊ.

अरे गड्या, 1998 ला मामाच्या स्टुडिओत लागलो तर दोन वर्षं नुसते पासपोर्ट फोटो कापले आणि लाल बल्बखाली हायपोच्या, म्हणजे फोटो पक्का करायच्या औषधाच्या, वासात ट्रे हलवले. पहिल्यांदा एकट्याला धाडलं ते मुरूडला, हळदीला. रोल 36 चा, पण 37 झाले, 38 झाले, 40 झाले तरी संपंना! मी खूष, म्हणलं कंपनीनं जास्तीची फिल्म दिली. मग बघतो तर रिवाइंडची चावी फिरतच नव्हती, फिल्म दात्यात बसलीच नव्हती, एक फोटो नाही. रडकुंडीला येऊन नवरीच्या आजीला खरं सांगितलं, म्हातारी हसली आणि पोरीला परत पाटावर बसवून दुसऱ्यांदा हळद लावली. आजपण डिजिटलवर काढताना हात उगंच ती चावी चाचपतो.

उजेडाचं मात्र कुणी शिकवलं नाही. आपल्याकडं मे महिन्यातली लग्नं, दुपारचा मुहूर्त, ऊन डोक्यावर आणि फेट्याखाली नवरदेवाच्या डोळ्यांच्या जागी नुसते खड्डे, अल्बम बघून लोक विचारायचे पोरगा आजारी होता का. शेवटी कुणाचंतरी वाळत घातलेलं धोतर दोघांना धरायला लावलं, ऊन त्यावरनं उलटून तोंडावर आलं. पुढं मार्चात वेरूळला गेलो, 10 नंबरच्या लेणीत त्या दिवसांत मावळतीचं ऊन आत शिरून थेट बुद्धाच्या चेहऱ्यावर पडतं. आठ फोटो काढले, मूर्ती पांढरीफटक, खांब काळेकुट्ट. परत पुढच्या मार्चात गेलो तेव्हा कुठं एक जमला.

आणि नशीब बघ. एप्रिल 2016, मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे लातूरला आली, 10 वाघिणी, 5 लाख लिटर, देशभरचे फोटोवाले स्टेशनावर आणि मी औशाला एका जावळाच्या पंगतीत! ॲडव्हान्स घेतलेला, काय करता. पण तिथं हात धुवायचं पाणी परातीत धरायले होते, म्हशीला. एक बाई परात दोन्ही हातांनी उचलून नेताना पाण्याकडं बघायलीय, थेंब सांडू नये म्हणून. तो फोटो कुठंच छापून आला नाही, स्टुडिओत भिंतीवर आहे, गिऱ्हाईक विचारतात ही कोण तुमची.

तर पोराला मे महिन्यात इकडं धाड, एक लगीनसराई माझ्यासंगं काढू दे. माझा जुना कॅमेरा देतो, रोलवाला. आणि वहिनींना म्हणावं एक पांढरी चादर द्या, जुनी चालंल.

तुझाच,
दिग्या