खानापूर तालुक्यातल्या आशाताईंना

आशाताई,

फिटच्या गोळ्या चालू असलेल्या मुलाच्या हिरड्या सुजल्या की घरचे आधी गोळीच बंद करतात. तुम्ही फिरता त्या गावांत हे होऊ दिलं नाहीत, त्याबद्दल तुमचे मनापासून आभार. गोळी एकदम थांबली तर फिटमागून फिट येऊन जिवावर बेतू शकतं. हिरडी मात्र सांभाळता येते. आईला मराठीत आणि आजीला कन्नडमध्ये हे पटवून देणं आम्हां दंतवैद्यांना खुर्चीशेजारून जमलं नसतं.

फेनिटॉइन हे फिटचं औषध घेणाऱ्या बऱ्याच मुलांची हिरडी पहिल्या काही महिन्यांतच वाढायला लागते, बहुधा समोरच्या दोन दातांमधल्या टोकापासून. तुम्ही ओठ उचलून, टॉर्च मारून नेमकं तेच टोक बघता. दुखत नसल्यामुळे घरच्यांच्या ते लक्षात येत नाही. हिरडी दातावर चढली की तिच्याखाली ब्रश पोहोचत नाही, किटण साचतं आणि किटणामुळे हिरडी आणखी फुगते. नुसती कापून काढली आणि किटण तसंच राहिलं, तर ती पुन्हा वाढते. औषध बदलता येतं का, हे फिटचे डॉक्टर ठरवतील.

म्हणून तुम्ही शिकवता त्या ब्रशचं मोल मोठं आहे. डोकं लहान, केस मऊ, दात आणि हिरडी मिळतात त्या रेषेवर तिरका धरून हलक्या हाताने २ मिनिटं, दिवसातून दोनदा. फ्लोराइडची पेस्ट ३ वर्षांखाली तांदळाच्या दाण्याएवढी, पुढे वाटाण्याएवढी. राखुंडी नको, ती दात झिजवते. रक्त दिसलं की आया घाबरून ब्रश सोडतात. खरं तर रक्त किटणामुळे सुजलेल्या हिरडीतून येतं आणि नीट घासत राहिलं तर बहुतेकदा आठ-पंधरा दिवसांत कमी होतं. सात-आठ वर्षांपर्यंत ब्रश मोठ्यांनीच करायचा, हेही तुम्ही न कंटाळता सांगता.

गोड सिरपचं तर तुम्ही फार छान बसवून दिलंत: रात्री आधी औषध, मग ब्रश, त्यानंतर फक्त पाणी. झोपेत लाळ कमी सुटते, त्यामुळे दातावर राहिलेली साखर रात्रभर कीड पोसते.

आणि फिट आली की तोंडात चमचा घालणं! त्याने दात तुटतात, तुकडा श्वासनळीत जाऊ शकतो. कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, ५ मिनिटांपेक्षा जास्त चालली तर १०८ ला फोन करा, हे तुम्ही घरोघरी पोहोचवलंत.

एक विनंती आहे. दात काढायला मूल पाठवाल तेव्हा गोळ्यांची चिठ्ठी सोबत द्या. व्हॅल्प्रोएट हे फिटचं औषध चालू असेल तर रक्तातल्या प्लेटलेट, म्हणजे रक्त थांबवणाऱ्या पेशी, कमी झालेल्या असू शकतात, ते आधी तपासावं लागतं. त्या सकाळची गोळीही चुकवू नका म्हणावं.

आपले,
लहान मुलांचे दंतवैद्य, बेळगाव