गाभडलेल्या गाईचे रक्त कोण तपासणार?

महोदय,

पशुवैद्यकीय दवाखान्यातून निवृत्त झालो, तरी खानापूर तालुक्यातले पशुपालक अजून फोन करतात. परवा एकाची जर्सी सातव्या महिन्यात गाभडली, म्हणजे तिचा गर्भ पडला. त्याने उघड्या हातांनी जार (वार) ओढून उकिरड्यावर टाकली. कुत्री टपलेलीच होती. ‘उन्हाचा तडाखा बसला असंल’ म्हणाला. रक्त तपासायचे नाव नाही. ब्रुसेलोसिस, म्हणजे जनावरांना गाभडवणारा आणि माणसालाही होणारा जंतूंचा रोग, पसरतो तो असाच.

हा जंतू भल्याभल्या प्रयोगशाळांना नमवतो. वाढायला दिवसचे दिवस घेतो आणि श्वासावाटे तपासणाऱ्यालाच धरतो. शरीरात तर ज्या पेशींनी त्याला गिळून मारायचे, त्यांच्याच पोटात संसार थाटतो. माणसाला सहा-सहा आठवडे दोन औषधे घ्यावी लागतात ती म्हणूनच.

या रोगाविरुद्ध कालवडींना टोचतात त्या एस-19 लशीचा जंतू 1923 साली एका जर्सीच्याच दुधात सापडला. वर्षभर खोलीत पडून राहिला आणि त्याचा जोर ओसरला! (संशोधनात विसरभोळेपणाही कधी कामाला येतो.) पण लस जिवंत आहे. टोचणाऱ्याला सुई लागली तर त्यालाच ताप, शिवाय टोचलेल्या जनावराचे रक्त पुढे लागण झाल्यासारखे दिसू शकते. हा घोळ टाळणाऱ्या लशीवर बरेलीजवळच्या भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्थेत काम झाले आहे.

संशोधन बरेलीत होवो, नमुना विट्यातून निघायला हवा. दूध संकलन केंद्रावर फॅट (स्निग्धांश) मोजतात तिथेच महिन्यातून एकदा दुधाची रिंग टेस्ट करा. सायीत निळे कडे उमटले की त्या गोठ्यातल्या जनावरांचे रक्त घ्या. आणि लस टोचायच्या चार ते आठ महिन्यांच्या कालवडींची यादी ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावा.

– एक निवृत्त पशुधन पर्यवेक्षक, विटा (जि. सांगली)