दिंडीचं गणित मुक्कामाच्या शाळेत चुकतं

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

रामनवमी जवळ आली की दर्यापूर, अकोट, मूर्तिजापूर भागातून शेगावकडे पायी दिंड्या निघतात. शेगाव संस्थानाची पंढरपूरला जाणारी पालखी, तिची शिस्त, तिची व्यवस्था ही वेगळी गोष्ट. गावातल्या पन्नास-साठ जणांच्या दिंडीला ते जमणारं नाही. पण या लहान दिंड्यांत पायाला फोड आले, कुणाला भोवळ आली की बोल उन्हाला आणि चपलेला लागतो. बिघाड बहुतेक वेळा आदल्या रात्रीच्या मुक्कामातच झालेला असतो.

हिशेब करून पाहा. माणसं ६०, जिल्हा परिषदेच्या शाळेत वापरता येतील अशी शौचालयं दोन. माणशी सहा मिनिटं धरली तरी सगळ्यांचं आटोपायला तीन तास. पहाटे तीनला उठलेली दिंडी चारला निघायची ती सहाला निघते. ताशी चार किलोमीटरच्या चालीनं २४ किलोमीटरला सहा तास, चहापाण्याचा एक तास. चारला निघालेले अकराला टेकतात. सहावाले एक वाजता, म्हणजे शेवटचे आठ किलोमीटर तापलेल्या डांबरावरून. अनवाणी चालण्याचा नवस असला तर विचारूच नका.

यावर उपाय गावातच आहे. शाळेजवळच्या दहा घरांनी आपलं शौचालय पहाटे तीन ते साडेतीन दिंडीसाठी उघडं ठेवलं, तर दोन शाळेची आणि दहा घरची मिळून बारा होतात. एकाच्या वाट्याला पाच माणसं, अर्ध्या तासात काम फत्ते. अन्नदानाला गावोगावी चढाओढ असते, चहा-पोह्यांचे स्टॉल हाकेच्या अंतरावर लागतात; दार उघडून देणं मात्र कुणाला दान वाटत नाही. जाता जाता, रोडगे-वांग्याचा बेत दुपारी ठेवावा. रात्री नऊला रोडगे चापले की पहाटेची रांग आणखी लांबते.

पाण्याचंही तेच. अंघोळ, धुणं, शौचालय धरून माणशी २० लिटर म्हटलं तरी १,२०० लिटर लागतं. हजार लिटरची टाकी पहाटेपर्यंत कोरडी पडते. तेव्हा सरपंचांना सांगून संध्याकाळी ती भरून घ्यावी आणि एखादा ड्रम वेगळा भरून ठेवावा. पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांना खारपाणपट्टा, म्हणजे जमिनीखाली खारं पाणी असलेला भाग, असल्यानं बोअरचं पाणी वापरायला चालतं, प्यायला नाही. पिण्यासाठी उन्हाळ्यात माणशी किमान चार लिटर धरा, म्हणजे ६० जणांना २० लिटरच्या १२ कॅन. ओआरएसची एक लिटरची पुडी पिण्याच्या एक लिटर साध्या पाण्यातच कालवावी. अर्ध्या ग्लासात कालवून पिणाऱ्याला फायदा सोडून मळमळ होते. पुडी नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा.

फोड घर्षणानं येतात आणि ओलाव्यानं वाढतात. नवा बूट दिंडीत घालू नये, घामेजलेले मोजे दुपारी बदलावेत, टाच-बोटांना व्हॅसलीन लावावं. फोडातून सुईनं दोरा ओवून तो तसाच ठेवण्याची रीत आपल्याकडे आहे, ती सोडावी. दोऱ्यावाटे घाण आत जाते. फोड लहान असेल तर हात लावू नये. मोठा असेल तर निर्जंतुक सुईनं कडेला टोचून पाणी काढावं, वरची कातडी तशीच ठेवून पट्टी बांधावी. शुगर असणाऱ्यांनी फोड स्वतः फोडू नये आणि अनवाणी तर मुळीच चालू नये. पाय बधिर झालेला असेल तर चटका बसलेला कळतच नाही.

ऋषिपंचमीला निघणाऱ्यांचं दुखणं निराळं. भाद्रपदात पांदण जवळची म्हणून धरावी तर काळी माती किलो-किलोनं बुटाला चिकटते. तेव्हा लांब पडली तरी डांबरी सडकच बरी. अंधारात उजव्या कडेनं, समोरून येणारी वाहनं दिसतील असं चालावं. पताकेच्या काठीला आणि शेवटच्या माणसाच्या पाठीला चमकपट्टी लावावी.

आता शाळेच्या किल्लीविषयी. बरेच गुरुजी तालुक्याहून अप-डाऊन करतात, त्यामुळे दिंडी सांजच्याला पोचते तेव्हा किल्ली गावात नसते आणि बायाबापड्या ओट्यावर बसून राहतात. दिंडीनं पंधरा दिवस आधी मुख्याध्यापक आणि ग्रामपंचायत दोघांनाही लेखी कळवावं, आणि ग्रामपंचायतीनं किल्ली शिपायाकडे ठेवून घ्यावी. बायांच्या अंघोळीसाठी ताडपत्रीचा आडोसा आणि तिथवर एक बल्ब एवढं संध्याकाळीच व्हावं. चूल ओट्याच्या फरशीवर मांडू नये, तापून ती तडकते. एकाच बोर्डावर वीस मोबाईल आणि पाण्याची मोटर लावली की फ्यूज उडतो आणि पाण्यासकट सगळं ठप्प होतं.

रामनवमीच्या सुमारास शाळा सकाळची असते, परीक्षाही असतात. वर्ग झाडून, बाकं जागेवर लावून दिंडीनं पहाटेच बाहेर पडावं. पत्रावळी मागे टाकून गेलेल्या दिंडीला पुढच्या वर्षी किल्ली मिळत नाही, आणि त्यात गावाचं काही चुकत नाही.

आपले,
दिंडीची व्यवस्था पाहणारे काही वारकरी,
ता. दर्यापूर, जि. अमरावती