डॉक्टरांकडे जाण्याआधी वाच

सांगली, रविवार

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

तुला बोलायला बंदी, म्हणजे फोन केला तरी मीच एकटा बोलणार. आणि एकटा बोलायला लागलो की मी कुठल्या कुठे जातो हे तुला ठाऊक आहे. आई म्हणाली व्हॉट्सॲपवर लिहा, पण तिथे त्या निळ्या खुणा दिसल्या आणि उत्तर नाही आलं की मी नाही नाही ते अर्थ काढत बसतो. म्हणून कागद घेतला. आधीच सांगून ठेवतो, तुझ्या गळ्याच्या ऑपरेशनचा विषय काढणार नाही. तो तुझा आणि डॉक्टरांचा प्रश्न. मी सिनेमाबद्दल लिहिणार आहे.

काल दादाने मोठ्या टीव्हीवर ‘साउंड ऑफ म्युझिक’ लावून दिला. जवळजवळ तीन तासांचा आहे हे विसरलोच होतो. आपली ती व्हीसीडी बाहुल्यांच्या खेळापाशी अडकायची आणि मग उरलेलं गाणं तू म्हणून पुरं करायचीस, बकऱ्यांच्या आवाजासकट. त्यामुळे त्या गाण्याचा शेवट काल मी पहिल्यांदाच त्यांच्या तोंडून ऐकला. खरं सांगू का, तुझा बरा होता.

पडद्यांचा प्रसंग आला तशी आई हसायला लागली. मुलांना सांभाळायला आलेली मारिया खोलीतले पडदे कापून सातही जणांना खेळायचे कपडे शिवते, ते बघून तू माईंच्या खोलीतला हिरवा पडदा कापलास. तोही शाळेच्या कागद कापायच्या कात्रीने, त्यामुळे कडा अशा की उंदरांनी कुरतडल्यासारख्या. माई दिवसभर तुझ्याशी बोलल्या नाहीत आणि संध्याकाळी मशीनवर बसून त्याच तुकड्यांचा झगा शिवून दिला. एक बाही लांब, एक आखूड. तो घालून तू गच्चीतल्या टाकीवर चढून गात सुटलीस आणि खालून आत्या ‘अगं पडशील, उतर’ करत होती. तेव्हापासून या घरात तुला कोणी ना कोणी खालून ‘पडशील’ म्हणतंच आहे. सध्या माझी पाळी.

लहानपणी आपण त्यातली गाणी बघितली. काल मला माणसं दिसली. शूटिंगच्या वेळी, म्हणजे 1964 साली, मारिया झालेली ज्युली अँड्र्यूज 28 वर्षांची होती. तुझ्याहून एका वर्षाने लहान. तो सुरुवातीचा शॉट, डोंगरावर हात पसरून गिरकी घेते तो, हेलिकॉप्टरमधून घेतलेला आहे. दर वेळी शॉट झाला, हेलिकॉप्टर वळलं, की त्याच्या वाऱ्याने ती गवतात आपटायची. उठायची, झगा झटकायची, चालत परत पहिल्या जागेवर. आपल्याला पडद्यावर काय दिसतं? एक बाई मजेत गाते आहे. प्रेक्षकाला एवढंच दिसावं म्हणून तुम्ही लोक काय काय गिळता ते मला तुझ्यामुळे कळलं. सौभद्राच्या तालमींच्या वेळी रात्री बाराला घरी येऊन तू गरम पाण्याचं भांडं मांडून बसायचीस, डोक्यावरून टॉवेल, आणि आईने विचारलं तर टॉवेलच्या आतून ‘काही नाही गं, सर्दी आहे’. दोन वर्षं सर्दी कुणाची टिकते?

असो. हा विषय काढायचा नाही म्हटलं होतं.

रात्री झोप लागेना, म्हणून मोबाईल घेऊन त्या सिनेमातल्या एकेकाचं पुढे काय झालं ते शोधत बसलो. तुझी आवडती लीझल, ‘मी सोळाची, लवकरच सतराची’ म्हणणारी. ती चार्मियन कार प्रत्यक्षात 21 वर्षांची होती! त्या काचेच्या मांडवात नाचताना तिचा पाय घसरला आणि काच फुटून घोट्याला लागलं. पट्टी बांधून वर मेकअप फासून तिने तो नाच पुरा केला. पुढे सिनेमा जवळजवळ सोडलाच, लोकांची घरं सजवायचा व्यवसाय केला, आणि मायकल जॅक्सन तिचं गिऱ्हाईक होता. 2016 मध्ये गेली. लुइझा झालेली हेदर मेंझीस त्याच्या पुढच्या वर्षी. मोठा मुलगा निकोलस हॅमंड, तो शूटिंगभर उंचच होत राहिला, सहा इंच. सुरुवातीला त्याच्या बुटात उंची भरायची आणि शेवटी शेवटी लीझललाच खोक्यावर उभं करायची वेळ आली. तो पुढे टीव्हीवरचा स्पायडरमॅन झाला आणि नंतर ऑस्ट्रेलियात स्थायिक. मार्टा झालेली मुलगी मिनेसोटात फुलांच्या सजावटीचं काम करते. आणि कर्ट, गुटगुटीत गालांचा, तो भूगर्भशास्त्र शिकला आणि सॉफ्टवेअरमध्ये गेला. हे ऐकून दादा म्हणाला, ‘बघा, सातात एक तरी शहाणा निघाला.’ त्याला मी जेवायला वाढलं नाही. म्हणजे आईने वाढलं.

सगळ्यात धाकटी ग्रेट्ल आठवते? पाच वर्षांची पोर. ती होडी उलटते त्या शॉटमध्ये असं ठरलेलं की ज्युली अँड्र्यूजने पुढच्या बाजूला पडायचं आणि तिला लगेच उचलायचं, कारण तिला पोहता येत नव्हतं. होडी अशी कलली की ज्युली मागच्या बाजूला पडली आणि पोर पुढे. बिचारी पाणी पिऊन वर आली. सिनेमात तो प्रसंग किती हसरा वाटतो! काल तो मी परत मागे नेऊन पाहिला, ती धाकटी कुठल्या बाजूला पडते ते बघायला. ठरवलेलं सगळं होतं. उचलणारं माणूस ठरलेलं होतं. शेवटी होडीने काय करायचं ते होडीच ठरवते.

तुला म्हणून सांगतो, तुझ्या डॉक्टरांना मी वाईट म्हणत नाही.

कॅप्टनबद्दल, म्हणजे त्या मुलांच्या बापाबद्दल, एक गंमत तुला माहीत नसेल. ‘एडलवाइस’ म्हणतो तो गळा क्रिस्टोफर प्लमरचा नाहीच. त्याने स्वतः गाणी रेकॉर्ड केली होती, पण शेवटी सिनेमात बिल ली नावाच्या गायकाचा आवाज वापरला. प्लमर पुढे कितीतरी वर्षं या सिनेमाची टिंगल करत राहिला. मला वाटतं त्यात या गोष्टीची खुन्नस थोडी असणार, हा आपला माझा अंदाज. आणि गंमत बघ, न गाताही माणूस कुठवर गेला. 2012 मध्ये 82 व्या वर्षी ऑस्कर. 88 व्या वर्षी परत नामांकन. 2021 मध्ये गेला तेव्हा 91 वर्षांचा होता.

उलट मार्नी निक्सन. ती जन्मभर दुसऱ्यांच्या ओठांना गळा देत आली. ‘माय फेअर लेडी’ रंगमंचावर ज्युली अँड्र्यूजने गाजवलं होतं, पण सिनेमा करताना तिला घेतलं नाही. ऑड्री हेपबर्नला घेतलं आणि तिची बहुतेक गाणी मार्नी निक्सनने म्हटली. तीच मार्नी या सिनेमात जोगिणींपैकी एक म्हणून चेहऱ्यासकट उभी आहे. मठातल्या त्या गाण्यात नीट बघ. एका चौकटीत एक बाई, जिला आवाज असून भूमिका मिळाली नव्हती, आणि दुसरी, जिचा आवाज सगळ्यांनी ऐकलेला पण तोंड पाहिलेलं नव्हतं. अर्थात ज्युलीला त्याच वर्षी ‘मेरी पॉपिन्स’साठी ऑस्कर मिळालं, त्यामुळे तिची फार कीव करायचं कारण नाही. निदान तेव्हा तरी नाही.

आता येतो. तुला वाटत असेलच हे शेवटी इथे येणार.

1997 साली ज्युली ब्रॉडवेवर काम करत होती, आवाजाला त्रास होत होता, म्हणून न्यूयॉर्कमध्ये स्वरतंतूंचं ऑपरेशन केलं. वय 61. गाण्याचा आवाज परत आला नाही. आला नाही म्हणजे आलाच नाही, मनू. 1999 मध्ये तिने डॉक्टरांवर खटला भरला. तिचं म्हणणं होतं की असं होऊ शकतं हे तिला आधी सांगितलंच नव्हतं. पुढच्या वर्षी तडजोड झाली.

हे वाचून मी रात्री दोन वाजता दादाला उठवलं. तो शांतपणे म्हणाला, बाबा, ती जुनी गोष्ट आहे, आता सूक्ष्मदर्शकाखाली करतात, अडेलचं बघा. बघितलं. अडेलने 2011 मध्ये करून घेतलं आणि तीन-चार महिन्यांत ग्रॅमीच्या मंचावर गायली, सहा पुरस्कार घेऊन घरी गेली. बरं वाटलं. मग आणखी खाली वाचलं तर 2017 मध्ये आवाजाला इजा झाली म्हणून तिचे लंडनचे शेवटचे कार्यक्रम रद्द. दादाने मोबाईलच काढून घेतला.

तू म्हणशील माझी गाठ छोटी आहे. मान्य. पण छोटी आहे तर घाई कशाची? आधी मौन, मग स्पीच थेरपी, आणि त्याने नाही गेली तर ऑपरेशन, असा क्रम असतो असं मी दोन ठिकाणी वाचलं. आणि दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायला काय हरकत आहे? गायकांचे गळे बघणाऱ्या डॉक्टरांचं, नुसत्या कान-नाक-घसावाल्यांचं नव्हे. आणि ते सकाळचे क्लास आधी निम्मे कर. तीस पोरांच्या वर आवाज चढवून ‘पुन्हा म्हणा’ करायचं, दुपारी ऑनलाइन, संध्याकाळी तालीम. माइक लाव म्हटलं की तू म्हणणार, बाबा, शिकवताना माइक कसला. पाणी पितेस का? रात्री उशिरा जेवून लगेच आडवी होतेस ते बंद कर. आम्लपित्ताने घसा...

थांबतो. हे सगळं तुला माझ्यापेक्षा जास्त कळतं आणि मी ते तुला तासभर ऐकवतोय, तेही तू उलट बोलू शकत नाहीस अशा वेळी. चुकलं. पण खोडत नाही, कारण एखादं वाक्य कामाचं असेल.

भावे नाट्यमंदिरात तुझा सुभद्रेचा पहिला प्रयोग झाला तेव्हा मी मागच्या रांगेत बसलो होतो. तू मला पुढचा पास दिला होतास, तो मी आत्याला दिला. पुढे बसून तुझ्या मानेची शीर दिसते आणि मग मला गाणं ऐकू येत नाही. मागे बसलेल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी दुसऱ्या अंकात वन्समोअर दिला, आणि तू परत तीच जागा घेतलीस, पहिल्यापेक्षा वेगळी. मध्यंतरात त्यांनी मला विचारलं, ‘ही कोणाची मुलगी?’ मी म्हणालो, ‘माहीत नाही, पण तयारी चांगली आहे.’ का तसं म्हणालो कोण जाणे. माझी म्हटली असती तर डोळे भरून आले असते आणि चहाच्या रांगेत ते बरं दिसलं नसतं.

ज्युली अँड्र्यूज मात्र घरी बसली नाही. लेकीबरोबर मुलांसाठी पुस्तकं लिहायला लागली. सिनेमात राणी झाली, आजी झाली. तू ‘ब्रिजर्टन’ बघायचीस ना, त्यातला निवेदनाचा आवाज तिचाच. म्हणजे गेलेल्या गळ्याच्या उरलेल्या आवाजावर सगळं जग कान लावून बसलं. 2022 मध्ये तिचा मोठा सत्कार झाला तेव्हा त्या सात मुलांपैकी हयात असलेले पाचही जण आले होते, पांढऱ्या केसांचे, आणि त्यांनी तिच्यासमोर तेच ‘डो-रे-मी’ म्हटलं. गाता येत नाही याचं दुःख ती लेकीपाशी बोलली तेव्हा लेक तिला म्हणाली होती की आई, तुला तुझा आवाज वापरायची वेगळी वाट सापडली आहे. लेकीने आईला म्हणणं ठीक आहे. बापाने लेकीला, तेही 29 व्या वर्षी, हे म्हणायची माझ्यात हिंमत नाही. मला ते म्हणायची वेळच यायला नको आहे.

आणि तरी तू सगळं विचारून, समजून, ‘बाबा, करायचंय’ म्हणालीस तर मी तोंडातून शब्द काढणार नाही. आईला साक्षीदार ठेवलंय. ती हसली, पण ठेवलंय.

पैशांचं बघू नकोस, एफडी पुढच्या महिन्यात सुटते आहे आणि ती काही स्वयंपाकघराच्या ओट्यासाठी ठेवलेली नव्हती. आईला ओट्याचं सांगू नकोस. डॉक्टरांना विचारायचे प्रश्न मी वेगळ्या कागदावर लिहिलेत, ते या पाकिटातच आहेत. कागद तसाच त्यांच्या हातात दिलास तरी चालेल, तुला बोलावं लागणार नाही. नळी घालून काढलेला तो व्हिडिओ आणि रिपोर्ट दोन्हीची प्रत मागून घे, देत नसतील तर लेखी माग. ज्येष्ठमध आईने बांधून दिला होता, पण विचारल्याशिवाय तोंडात टाकू नकोस.

बुधवारी रात्रीच्या गाडीने मी निघतो आहे, गुरुवारी सकाळी तुझ्याकडे. नको असेन तर तसा मेसेज कर, ‘नको’ लिहायला गळा लागत नाही. आलो तर तपासणीच्या खोलीत येणार नाही, बाहेरच बसेन. डॉक्टरांनी बोलावलं तरच आत.

तुझा,
बाबा