खासी बाजाराला जाताना

महोदय,

मेघालयात जाणारे आपले पर्यटक शिलाँगचा पोलीस बाजार पाहून परततात. खासी या तिथल्या आदिवासी समाजाचा खरा बाजार म्हणजे शिलाँगमधलाच इउदुह, ऊर्फ बडा बाजार. रविवारी तो बहुतांश बंद असतो. खेड्यांतले बाजार मात्र खासी पंचांगाच्या आठ दिवसांच्या आठवड्याप्रमाणे भरतात. या वेळी मंगळवारी असलेला बाजार पुढच्या खेपेला बुधवारी. जुन्या माहितीवर विसंबून गेलात तर रिकामे मैदान दिसेल! आदल्या दिवशी स्थानिक चालकाला विचारावे.

सकाळीच जावे, हिवाळ्यात तिथे साडेचारच्या सुमारास सूर्य मावळतो. इउदुहचे बोळ अरुंद, उताराचे आणि ओले, त्यामुळे पकड असलेले बूट हवेत. पाठीवर 'खोह' म्हणजे शंकूच्या आकाराची टोपली घेतलेले हमाल वेगाने येतात. तिचा पट्टा कपाळावर असल्याने त्यांना मान वळवता येत नाही, तेव्हा बाजूला आपणच व्हायचे. फोटोसाठी बोळ अडवू नये, आणि विचारल्याशिवाय तर काढूच नये.

विक्रेत्या बहुतेक स्त्रिया. त्यांना 'काँग' म्हणजे ताई म्हणावे, निघताना 'खुब्लेइ' म्हणजे धन्यवाद. सुटे पैसे जवळ ठेवावेत.

'क्वाय' म्हणजे ओली सुपारी, पान, चुना. आपल्या वाळक्या सुपारीच्या सवयीने अख्खी फोड तोंडात टाकली की कान तापतात, घाम फुटतो, गरगरते. छोटा तुकडा, तोही भरल्या पोटी. जयंतिया टेकड्यांतली लाकाडोंग हळद जरूर घ्यावी, पण भाजीत नेहमीपेक्षा कमी घालावी. शाकाहारी मंडळींनी 'जादोह' भात मागवू नये. त्यात बहुधा डुकराचे मांस असते, कधी रक्तही.

– एक वाचक