भालजींची रिळं आधी मोजा : सांस्कृतिक कार्यमंत्र्यांना खुलं पत्र

प्रति,
मा. सांस्कृतिक कार्यमंत्री, महाराष्ट्र राज्य

सविनय नमस्कार.

चित्रतपस्वी भालजी पेंढारकरांच्या नावाने शासनाने काहीतरी करावं, अशी मागणी कोल्हापुरातून सतत होत असते. स्मारक व्हावं, दालन व्हावं, महोत्सव व्हावा. या सगळ्याला आमचा पाठिंबाच आहे. आमची विनंती मात्र त्याआधीच्या कामाची आहे. भालजींच्या चित्रपटांची रिळं आज कुठे आहेत, कोणाच्या ताब्यात आहेत आणि कुठल्या अवस्थेत आहेत, याची डबेवार यादी शासनाने करावी. नुसती चित्रपटांच्या नावांची यादी नको, ती कुठल्याही कोशात सापडते.

या माणसाच्या कामाचा पसारा आधी लक्षात घ्यावा. मूकपटाच्या जमान्यात ‘वंदे मातरम् आश्रम’ (१९२६). बोलपट येताच पुण्याच्या सरस्वती सिनेटोनसाठी ‘श्यामसुंदर’ (१९३२), जो मुंबईत पंचवीस आठवडे चालला. छत्रपती राजाराम महाराजांच्या आश्रयाने उभ्या राहिलेल्या कोल्हापूर सिनेटोनसाठी ‘आकाशवाणी’ (१९३४). पुढे ‘कान्होपात्रा’, ‘नेताजी पालकर’, ‘थोरातांची कमळा’, ‘बहिर्जी नाईक’. हिंदीत पृथ्वीराज कपूर यांना घेऊन ‘महारथी कर्ण’ (१९४४) आणि ‘वाल्मिकी’ (१९४६). त्यानंतर ‘मीठभाकर’, ‘छत्रपती शिवाजी’, ‘मोहित्यांची मंजुळा’, ‘मराठा तितुका मेळवावा’, ‘साधी माणसं’, ‘तांबडी माती’. चंद्रकांत, सूर्यकांत, सुलोचना ही नावं मराठी घरात पोचली ती याच कामातून. लता मंगेशकरांनी ‘आनंदघन’ नावाने दिलेलं संगीतही भालजींच्याच चित्रपटांत सर्वाधिक आहे.

जतनाच्या दृष्टीने या कारकिर्दीचे सरळ दोन भाग पडतात आणि दोन्हींचे धोके वेगळे आहेत. १९५१च्या आसपास कोडॅकने नायट्रेट ही ज्वालाग्राही फिल्म बनवणं थांबवलं. म्हणजे ‘श्यामसुंदर’पासून ‘मीठभाकर’पर्यंतचं मूळ साहित्य नायट्रेटवर असणार आणि त्यानंतरचं बहुतांशी ‘सेफ्टी’ फिल्मवर, म्हणजे सहज न पेटणाऱ्या अॅसिटेटवर. ‘शिवा रामोशी’ (१९५१) आणि ‘छत्रपती शिवाजी’ (१९५२) हे अगदी सीमेवरचे. त्यांचा एकेक डबा उघडूनच ठरवावं लागेल.

नायट्रेट जळताना स्वतःच प्राणवायू सोडतं, त्यामुळे ते पाण्याखालीही विझत नाही. सडत आलेलं रीळ उन्हाळ्यातल्या पत्र्याच्या खोलीत आपोआप पेट घेऊ शकतं. जानेवारी २००३मध्ये पुण्यात जुन्या प्रभात स्टुडिओच्या आवारातल्या कोठाराला लागलेल्या आगीत राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या ताब्यातली नायट्रेट रिळं गेली, हे आपल्या खात्याला माहीत असेलच. भालजींच्या बाबतीत तर आग नवी नाही. गांधीहत्येनंतरच्या जाळपोळीत त्यांचा कोल्हापुरातला जयप्रभा स्टुडिओ जळाला, त्यात ‘मीठभाकर’ गेला आणि भालजींनी तो पुन्हा चित्रित केला. आता पुन्हा चित्रित करायला कोणी नाही.

अॅसिटेट पेटत नाही, पण आंबतं. डबा उघडताच व्हिनेगरचा वास आला की समजावं, प्रक्रिया सुरू झाली. सुटणारं आम्लच पुढची झीज वाढवतं आणि शेजारच्या चांगल्या रिळांनाही लागण होते. कोल्हापूरच्या पावसाळी दमटपणात, गच्च झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात हे फार वेगाने होतं. आम्ल ओळखणाऱ्या निळ्या कागदी पट्ट्या मिळतात. डब्यात एक पट्टी ठेवून साध्या खोलीत एक दिवस थांबायचं. निळी राहिली तर ठीक, हिरवी झाली तर झीज सुरू आहे, पिवळी झाली तर ते रीळ त्याच दिवशी वेगळं काढून स्कॅनिंगच्या रांगेत सगळ्यांच्या पुढे ठेवायचं.

तपासणीचं काम कसं होतं ते थोडं सविस्तर सांगतो, कारण निविदा काढणाऱ्यांना ते ठाऊक असणं गरजेचं आहे. डबा हवेशीर खोलीत, उजेडाच्या टेबलावर, सुती हातमोजे घालून उघडायचा. पहिल्यांदा फिल्मची कड बघायची. तिथे ‘नायट्रेट’ किंवा ‘सेफ्टी’ असं इंग्रजीत छापलेलं असतं. इथेच घोटाळा होतो. नायट्रेट निगेटिव्हवरून सेफ्टी फिल्मवर प्रिंट काढली की निगेटिव्हच्या कडेची अक्षरंही त्या प्रिंटवर उतरतात आणि एकाच पट्टीवर दोन्ही शब्द दिसतात. प्रिंटच्या स्वतःच्या कडेची अक्षरं काळी असतात. निगेटिव्हवरून उतरलेली काळ्यावर पांढरी. हे न कळणारा माणूस साधी प्रिंट ज्वालाग्राही म्हणून नोंदवतो. उलट झालं तर काय होईल, ते सांगायला नको.

मग फिल्मच्या कडेच्या १०० छिद्रांची लांबी मोजायची. नव्या प्रिंटमध्ये ती ४७५ मिलिमीटर भरते. ४७०च्या आसपास आली तर रीळ एक टक्का आकसलंय. ते प्रोजेक्टरवर चढवलं तर दाते छिद्रं फाडणार. त्याला बिनदात्यांचा स्कॅनरच लागतो. डब्यावरच्या चिठ्ठीवर कधीच विसंबू नये. ‘छत्रपती शिवाजी’ मराठी आणि हिंदी अशा दोन्ही भाषांत निघाला. अशा वेळी एका भाषेच्या संचात दुसऱ्या भाषेचं रीळ घुसलेलं सापडू शकतं, म्हणून प्रत्येक रिळाचा आवाज ऐकून मगच नोंद करावी. ‘थोरातांची कमळा’ हे नाव भालजींच्या १९४१च्या चित्रपटाचं आहे आणि १९६३च्या दुसऱ्या एका चित्रपटाचंही. नुसत्या नावावरून दोन्ही एकच समजणं सोपं आहे.

स्कॅनिंगच्या निविदेत सर्वात कमी दराचा एकच निकष नसावा. पस्तीस मिलिमीटरवरचा दोन तासांचा चित्रपट म्हणजे १०,८०० फूट, फुटाला १६ चौकटी, म्हणजे १,७२,८०० चौकटी. ४के दर्जाच्या (चौकटीची रुंदी सुमारे चार हजार ठिपके) कच्च्या स्कॅनला सुमारे ९ टेराबाइट जागा लागते. ठेकेदार बहुतेक वेळा ही कच्ची नक्कल देतच नाही. साफसूफ करून, रुंद पडद्याच्या मापात कापलेली फाइल देतो. भालजींच्या काळची चौकट जवळजवळ चौकोनी. ती टीव्हीच्या आकारात बसवली की वर मावळ्याची पगडी जाते आणि खाली घोड्याचे पाय. ओरखडे काढणारं सॉफ्टवेअर जास्त चालवलं की भालजींनी मुद्दाम जवळून टिपलेल्या चेहऱ्यांवरच्या सुरकुत्या पुसल्या जातात. म्हणून करारात स्पष्ट लिहावं : पूर्ण चौकट, कच्चा स्कॅन, त्याच्या एलटीओ टेपवर (डिजिटल फाइली साठवायच्या चुंबकीय टेपवर) तीन प्रती, आणि त्या प्रती दोन वेगळ्या शहरांत.

शोधायचं कुठे? पुण्याचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय पहिलं. मग मुंबईच्या जुन्या लॅब, जिथे थकलेल्या बिलापोटी निगेटिव्ह अडकून राहत. वितरकांची गोदामं. तंबू टॉकीजवाल्यांची घरं, विशेषतः सोळा मिलिमीटरच्या प्रतींसाठी. दूरदर्शनच्या टेप सगळ्यात शेवटी आणि दुसरं काहीच नसेल तरच. भंगारातही बघावं लागेल. चांदी काढण्यासाठी जुन्या प्रिंटा किलोवर विकल्या गेल्या, हे दुखणं या धंद्यातल्या सगळ्यांना माहीत आहे.

लोक रिळं दाखवायला घाबरतात, कारण हक्कांचा वाद होईल असं त्यांना वाटतं. इथे आपलं खातं सगळ्यात जास्त उपयोगी पडू शकतं. चित्रपटाचा कॉपीराइट प्रदर्शनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं टिकतो. म्हणजे ‘मराठा तितुका मेळवावा’ (१९६४)पर्यंतच्या सगळ्या चित्रपटांची मुदत ३१ डिसेंबर २०२४ रोजी संपली. गीत-संगीताचे हक्क वेगळे, ते जाहीर प्रदर्शनाच्या वेळी बघता येतील. डब्याची मालकी मात्र ज्याच्याकडे डबा आहे त्याचीच राहील, तपासणीचा खर्च शासन करील आणि स्कॅनची एक प्रत मालकाला फुकट मिळेल, एवढं शासन निर्णयात छापून आलं तर कपाटं उघडतील.

जागेसाठी नवी इमारत नको. कोल्हापूरच्या मोरेवाडीतल्या चित्रनगरीत एक तपासणी खोली पुरेशी आहे : दोन रिवाइंडिंग टेबलं, बाहेर हवा फेकणारा पंखा, आर्द्रतामापक आणि प्रशिक्षित माणसं. नायट्रेट तिथे मुक्कामाला ठेवू नये. ते झरोक्याच्या डब्यांत, अॅसिटेटपासून वेगळं, परवानाधारक वाहनातून पुण्याला जावं, ज्वालाग्राही फिल्मसाठीच्या थंड कोठारात. कुरिअरने तर अजिबात पाठवू नये.

पहिलं आवाहन मराठी वर्तमानपत्रांतून उन्हाळा सुरू होण्याआधी निघावं, म्हणजे पावसाळ्यापूर्वी निदान कोल्हापूर, सांगली आणि पुणे या तीन जिल्ह्यांतले डबे उघडून होतील. आवाहनात एक ओळ ठळक असावी : डबा गंजलेला असेल तर स्वतः उघडू नका, उन्हात असेल तर सावलीत ठेवा, आणि आम्हाला कळवा.

आपले,
जुन्या मराठी चित्रपटांचे अभ्यासक आणि फिल्म तपासणीचं काम करणारे तंत्रज्ञ