तेरा अक्षरं, सात ठोके

पंचवटी, नाशिक

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र पोचलं. रोज रामाच्या जपाच्या अकरा माळा करतोस, पण मन लागत नाही, जीभ एकीकडे आणि डोकं भलतीकडे, असं लिहिलंस. त्या अकरा माळा पंचवीस मिनिटांत होतात हेही लिहिलंस, ते बरं केलंस. खरं दुखणं तिथंच आहे. हिशेब केला तर एका मंत्राला जेमतेम सव्वा सेकंद मिळतो.

"श्रीराम जय राम जय जय राम." लिहिताना अक्षरं तेरा, म्हणून हा त्रयोदशाक्षरी मंत्र. पण आपण मराठी माणसं बोलताना शेवटचा 'अ' गिळतो. त्यामुळे तोंडात ठोके उरतात सातच: श्री, राम्, जय्, राम्, जय्, जय्, राम्. सव्वा सेकंदात सात ठोके नीट बसत नाहीत. मग आधी 'जय जय'मधला एक जय जातो, 'श्री'ची 'शिरी' होते, आणि सगळ्यात वाईट म्हणजे 'म्' हरवतो. 'रा'ला तोंड उघडतं, 'म्'ला ओठ मिटतात. मंत्रात राम तीनदा येतो, म्हणजे ओठ तीनदा मिटायला हवेत. उद्या सकाळी ओठांवर बोट ठेवून दहा वेळा म्हणून बघ. चुकतंय कुठे, ते बोटालाच कळेल.

एका मंत्राला तीन सेकंद दे. एक माळ साडेपाच मिनिटांत होते. पंचवीस मिनिटांत चार माळा झाल्या तरी पुष्कळ. माळ 108 मण्यांची असली तरी मोजायची शंभरच. वरचे आठ चुकलेमाकलेले म्हणून सोडून द्यायचे. दिवसाला चारशे या हिशेबाने तुझ्या 13 लाख जपाच्या संकल्पाला जवळपास नऊ वर्षं लागतील. लागू देत. संकल्प करायचाच असेल तर संख्येचा नको, वेळेचा कर: सकाळी अंघोळीनंतर पंचवीस मिनिटं, जागा तीच, आसन तेच. गुडघे दुखत असतील तर सरळ खुर्चीवर बस, पायाखाली घोंगडीची घडी घे. पाठ मात्र टेकू नकोस, टेकली की डुलकी आलीच.

पहिली माळ मोठ्यानं म्हण, म्हणजे वाचिक. पुढच्या दोन उपांशु: ओठ हलतात, पण आवाज शेजारच्याला ऐकू जात नाही. शेवटची मनात. शास्त्रात मानस जप श्रेष्ठ म्हटलाय, म्हणून नवीन माणूस तिथूनच सुरुवात करतो आणि तिथंच फसतो, कारण आवाज नसला की मन सुटलं हे कळायला पाच मिनिटं जातात. मन पळालं की पुन्हा मोठ्यानं म्हणायला लाग. माळ पहिल्यापासून मोजायची नाही आणि स्वतःवर चिडायचंही नाही; ज्या मण्यावर आहेस तिथून पुढे. आणि कान लावून ऐक. या सगळ्यातलं हेच मला सर्वात महत्त्वाचं वाटतं: मंत्र म्हणणाऱ्यानं तो ऐकलाही पाहिजे. मोबाइलवर मंत्र लावून स्वयंपाक करणं चांगलंच, पण तो जप नव्हे.

माळ तुळशीचीच घेतलीस, ठीक केलंस. पण गळ्यातली आणि जपाची वेगवेगळी ठेव. दोन मण्यांमध्ये गाठ आहे ना, ते बघ. गाठ नसली की घामट बोटाखालून दोन मणी एकदम सरकतात आणि मोजणी चुकते. माळ मधल्या बोटावर, अंगठ्यानं मणी आपल्याकडे ओढायचा, तर्जनी लावायची नाही. मेरुमणी, म्हणजे माळेच्या टोकाचा मोठा मणी, आला की ओलांडायचा नाही, माळ फिरवून उलटं यायचं. प्रवासात माळ नसली तर बोटांची पेरं आहेतच: अनामिकेचं मधलं, खालचं, करंगळीचं खालचं, मधलं, वरचं, अनामिकेचं वरचं, मधल्या बोटाचं वरचं, तर्जनीचं वरचं, मधलं, खालचं. झाले दहा. मधल्या बोटाची खालची दोन पेरं हा मेरू, ती सोडायची.

अर्थ विचारलास. 'श्री' म्हणजे सीता, रामाची शक्ती. म्हणून ती आधी. 'जय' म्हणजे विजय असो. कुणावर? रामाला बाहेर कुणावर विजय मिळवायचा उरलेला नाही. माझ्या मनात जे मी-मी चाललंय, त्यावर तुझा जय होऊ दे, अशी ती विनवणी आहे. ती डोक्यात ठेवून म्हटलंस तर तिसरा जय आपोआप नीट येईल.

फायद्याचं म्हणशील तर शरीराचा भाग सरळ आहे. ओठ मिटून 'म्' लांबवला की श्वास सावकाश सुटतो, आणि तो लांबला की नाडी शांत होते. 2001 साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एक अभ्यास आला होता, 'ॐ मणि पद्मे हुम्' आणि ख्रिस्ती जपमाळेवरचा. दोन्हींत श्वास मिनिटाला सहाच्या आसपास येतो, असं दिसलं. आपल्या मंत्रावरचा तो नव्हे, पण कारण समजायला पुरेसा आहे. म्हणून श्वास कोंडून म्हणू नकोस, गरगरतं. आणि रक्तदाबाची गोळी जपाच्या भरवशावर बंद करायची नाही, हे निक्षून सांगतो. बाकीचा लाभ भावाचा. तो मोजून दाखवता येत नाही, पण घरातली माणसं तुझ्या बोलण्यातला ताठरपणा गेला म्हणतील, तेव्हा तुला कळेल.

पुढच्या महिन्यात येतोयस तर इथल्याच आगरटाकळीला जाऊ. 1620 ते 1632 अशी बारा वर्षं समर्थ रामदासांनी तिथं याच मंत्राचा जप केला. सूर्योदयापासून माध्यान्हापर्यंत नदीच्या पाण्यात उभं राहून तेरा कोटी, अशी परंपरा सांगते. नंदिनी आणि गोदावरीचा संगम तिथून जवळच. मठात समर्थांनी स्थापलेला गोमयाचा, म्हणजे गाईच्या शेणाचा, मारुती आहे. सकाळी लवकर निघू, मारुतीपुढे बसून एक माळ मोठ्यानं म्हणू. तुझी माळ बरोबर आण, गाठी सैल झाल्या असतील तर पंचवटीत ओवून घेऊ.

तुझाच,
मित्र